न लागलेले कलम



आपल्या कनेरगाव नाक्यापलीकडे वऱ्हाडात जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, हे तुम्ही पाहिलेच आहे. सारे यथासांग करूनही एखादा डोळा फुटतच नाही. यकृताच्या रोपणातही थोड्या रोग्यांवर असाच प्रसंग ओढवतो. त्यावर औषधे काय करू शकतात, एवढेच आज सांगावयाचे आहे.

शरीराने परके यकृत नाकारणे ही गोष्ट निराळी. डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली डेन्व्हर येथे मनुष्यावर पहिले यकृतरोपण केले. पुढे सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस या औषधांनी तो नकार पुष्कळसा आवरला. परंतु येथे यकृत मुळात कामालाच लागत नाही. पित्त स्रवत नाही, रक्त गोठत नाही, रोगी शुद्धीवर येत नाही. बर्फात ठेवलेल्या यकृतात पुन्हा उष्ण रक्त शिरते, त्या वेळी पेशींना इजा होते. यकृतात चरबी फार असेल किंवा बर्फात फार तास गेले असतील, तर ती वाढते. रक्तवाहिनीत गुठळी तर नाही ना, हे डॉक्टर आधी पाहतात; कारण तिचा उपाय वेगळा.

१९८९ साली टोरांटोच्या डॉक्टरांनी अशा रोग्यांना प्रोस्टाग्लँडिन ई-१ शिरेतून दिले आणि बहुतेकांची यकृते सावरली. मोठी आशा उत्पन्न झाली. मग चिठ्ठ्या टाकाव्या तसे रोग्यांचे दोन गट पाडून, रोपणाच्या वेळीच हे औषध देऊन परीक्षा झाली. मूत्रपिंडांना काही लाभ दिसला; परंतु मृत्यू कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. ॲसिटिलसिस्टीनचेही तसेच. तात्पर्य, औषधाने फार तर अवधी मिळतो. खरा उपाय दुसरे यकृत, आणि तेही काही दिवसांतच.

ते कोठून यावे? आपल्या मराठवाड्याचे विलासराव देशमुख राज्याचे मुख्यमंत्री होऊन गेलेले. तरी यकृतरोपण होण्यापूर्वीच १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत त्यांचा अंत झाला. मग साधारण रोग्याची कथा काय!

१९९४ च्या कायद्याने मेंदूमृत व्यक्तीचे अवयव देता येतात. मराठवाड्यासाठी समन्वय केंद्र छत्रपती संभाजीनगरास आहे. परंतु त्या घटकेला संमती घरच्यांना द्यावी लागते, आणि आपली इच्छा त्यांना ठाऊक नसेल तर त्यांनी काय उत्तर द्यावे? म्हणून हा विषय आज घरी जेवताना काढा, एवढीच विनंती.