सांगणारी कोण?

(सावित्रीबाई फुले जयंतीच्या महिला मेळाव्यात आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. मेळाव्याला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी इथे छापत आहोत.)



३ जानेवारीला आपण दरवर्षी सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. सावित्रीबाई होत्या म्हणून आपण शिकलो, असं प्रत्येक भाषणात येतं. ते खरंच आहे. पण शिकून आपण वाचतो काय? गटाचं पासबुक, कर्जाचा अर्ज आणि मोबाईलवर आलेले मेसेज. म्हणून आज मी योजनांची माहिती सांगणार नाही. गेल्या काही महिन्यांत मी चार पुस्तकं वाचली, त्याबद्दल बोलणार आहे. दोन बायकांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी आहेत आणि दोन कादंबऱ्या आहेत. जे सांगेन ते माझं मत आहे. तुमचं वेगळं निघालं तर मला आनंदच होईल.

चारही पुस्तकं वाचताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. आपल्याला लहानपणापासून सांगतात, घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. मग या बायकांनी घरातलं किती सांगितलं, आणि सांगितलं कुणी?

पहिलं पुस्तक बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. बेबीताईंचा जन्म १९२९ सालचा, पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा. शिक्षण चौथीपर्यंत. लग्नानंतर फलटणला त्यांनी आणि नवऱ्याने सुटी द्राक्षं विकायला घेतली, मग भाजी, मग किराणा. आपल्यातल्या कितीतरी जणींनी दुकान असंच वाढवलंय. दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची. ती रद्दी बेबीताई वाचायच्या, आणि गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या. लिहिलेले कागद घरच्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून लपवून ठेवायच्या. अशी वर्षानुवर्षं गेली. पुस्तक आलं १९८६ साली.

पुस्तकात वीरगावचा महारवाडा आहे. भूक आहे, अंगात येणाऱ्या बाया आहेत, आणि बाबासाहेबांच्या शब्दावर पोरं शाळेत घालायला उठलेल्या आयाही आहेत. सुनांवर बेबीताईंनी जे लिहिलंय ते वाचताना मी दोनदा पुस्तक मिटलं. दहा-बारा वर्षांची पोर पहाटे जात्यावर बसते. भाकरी नीट आली नाही की सासू शेजारणी गोळा करून तिचं हसं करते. सासरहून पळालेल्या सुनेचं नाक कापायचे, हेही त्यांनी लिहून ठेवलंय. स्वतःच्या समाजातल्या सासवा सुनांना कसं छळायच्या हे त्यांनी झाकलं नाही. बाहेरच्यांनी आपल्याला जनावरासारखं वागवलं हे जितक्या रागाने लिहिलं, तितक्याच रागाने हेही लिहिलं. मला हे फार मोठं वाटतं. बाहेरचा अन्याय सांगताना घरातला पोटात घालायचा, ही सोपी वाट त्यांनी घेतली नाही.

पण एक गोष्ट बघा. वडिलांनी आईला घरात कोंडल्यासारखं ठेवलं, हे बेबीताई सांगतात. स्वतःच्या संसाराबद्दल मात्र जवळजवळ काहीच सांगत नाहीत. नवऱ्याचा मार त्यांनीही खाल्ला होता, हे पुढे मुलाखतीत बाहेर आलं. पुस्तक समाजाचं दुःख सांगायला लिहिलं, माझं एकटीचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. एवढ्या धीट बाईलाही स्वतःचं पान कोरं ठेवावंसं वाटलं. मी त्यांना दोष देत नाही. काय सांगायचं आणि काय नाही, हे ज्या बाईने सोसलं तिनेच ठरवावं. पण ते कोरं पान मला लिहिलेल्या पानांइतकंच लक्षात राहिलं.

दुसरं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. हे जुनं आहे, १९३४ ते ३६ या काळात चार भागांत आलं. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, म्हणजे पहिला भाग आला तेव्हा त्यांची पासष्टी उलटली होती. शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. ‘आता या वयात काय वाचायचं’ असं म्हणणाऱ्या मावश्यांनी हे जरा ध्यानात ठेवावं.

लक्ष्मीबाईंनी घरातलं किती सांगितलं? जवळजवळ सगळं. वडील सोवळ्याचे इतके कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. नवरा नारायण वामन टिळक, नावाजलेले कवी. पण रागीट, हातात पैसा न टिकणारे, कधी न सांगता घर सोडून निघून जाणारे. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. लहान मुलाला घेऊन त्या काही वर्षं वेगळ्या, नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परत गेल्या, तरी सोवळं-ओवळं लगेच सोडलं नाही. जातपात मानायची की नाही यावर स्वतःच्या डोक्याने विचार केला आणि पटलं तेव्हाच सोडली.

हे सगळं त्या हसत सांगतात. मला खरंच पोट धरून हसायला आलं. नवऱ्याची चूक सांगतात, लगेच स्वतःचीही फजिती सांगतात. टिळक वाचणाऱ्याला राक्षस वाटत नाहीत आणि देवही वाटत नाहीत.

तरी माझी एक तक्रार आहे. काही ठिकाणी हे हसणं मला टोचलं. घरात दाणा नाही, नवरा कुठे आहे पत्ता नाही, आणि आपण वाचताना हसतोय! आपल्या बैठकीतही असंच होतं. एखादी वहिनी म्हणते, ‘आमच्या ह्यांनी काल परत ताट भिरकावलं,’ आणि सगळ्या हसतात, तीही हसते. हसण्याने सांगणं सोपं होतं, हे मान्य. पण ताट भिरकावल्यावर ती जेवली का, हे विचारायचं राहून जातं.

आता कादंबऱ्या. या दोन्ही पुरुषांनी लिहिलेल्या, म्हणजे इथे बाई स्वतः सांगत नाही, तिच्याबद्दल दुसरा सांगतो.

आनंद यादवांची ‘झोंबी’ १९८७ सालची. लेखकाने स्वतःच्याच आयुष्यावर बेतलेली कादंबरी. कोल्हापूरकडच्या कागलचं शेतकरी कुटुंब, पोराला शाळेची ओढ, आणि बाप त्याला शाळेतून काढून शेतात जुंपतो. यादव पुढे मोठे लेखक झाले, या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, म्हणून लोक ही जिद्दी पोराची गोष्ट म्हणून वाचतात. मी ती त्याच्या आईची गोष्ट म्हणून वाचली.

एकामागून एक बाळंतपणं, रानातलं काम, नवऱ्याचा मार. त्या आईला नवऱ्यासमोर तोंड उघडायची सोय नाही. मग ती काय करते? रात्री पोराला बरोबर घेऊन गावातल्या दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जाते. नवरा शेतात राबत नाही, गावभर फिरतो आणि पोराला जुंपतो, हे सगळं त्यांना सांगते. आम्ही आलो होतो हे मात्र कळू देऊ नका, असं बजावते. दत्ताजीराव बापाला बोलावून खडसावतात, आणि पोरगं शाळेत जातं. सकाळी शेतात काम, संध्याकाळी ढोरं चारणं, असल्या अटींवर का होईना, पण जातं.

म्हणजे बघा, घरातली गोष्ट बाहेर गेली म्हणून एक पोरगं शिकलं. त्या माउलीने उंबरा ओलांडला नसता तर ही कादंबरीच झाली नसती. आणि तिने कुणालाही सांगितलं नाही. ज्याचं ऐकलं जाईल आणि जो नाव फोडणार नाही, असा माणूस निवडला. या एका प्रसंगासाठी तरी ही कादंबरी प्रत्येक गटात वाचली जावी. उणीव सांगायची तर, पुस्तक जाडजूड आहे आणि हाल वाचून वाचून जीव दमतो. एका दमात वाचू नका.

चौथं पुस्तक सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’, २००२ सालची. हिलाही साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. बुलढाण्याकडची शेती, कर्ज आणि पावसाची वाट. थोरला मुलगा एकनाथ खूप शिकलेला, पण नोकरीसाठी द्यायला पैसे नाहीत म्हणून घरी बसलेला. शेतकऱ्याच्या घरात पैशाची चणचण भांडणं कशी लावते हे इतकं खरं उतरलंय की मला आपल्या गावातली चार घरं डोळ्यांसमोर आली.

एकनाथची बायको अलका. शहराच्या वळणात वाढलेली, नवऱ्याला नोकरी लागेल या आशेवर आलेली. तिचं या घरात जमत नाही, आणि शेवटी ती निघून जाते. कादंबरी वाचलेले बहुतेक जण अलकावर चिडतात. ‘पडत्या काळात नवऱ्याला सोडून गेली’ हे मी कितीदा ऐकलंय. मला तिचा राग येत नाही. तिला जे सांगून आणलं ते खोटं निघालं, यात तिचा काय दोष? एकनाथच्या मनातलं आपल्याला पानोपानी कळतं. अलकाच्या मनातलं कळतं ते तिच्या चिडण्यातून, कडू बोलण्यातून. रात्री एकटी असताना ती काय विचार करत असेल? तिची बाजू तिच्या तोंडून आली असती तर कादंबरी आणखी मोठी झाली असती, असं माझं मत आहे. लेखकाने शेतकऱ्याचं दुःख सांगायला घेतलं आणि ते ताकदीने सांगितलं. पण शेतकऱ्याच्या बायकोचं दुःख सांगायचं उरलंच आहे. ते कोण सांगणार? इथे बसलेल्या तुम्हीच सांगणार.

मावश्यांनो, आपण बचतीचा रुपयान् रुपया लिहून ठेवतो. कुणी किती भरले, कुणाचा हप्ता राहिला, दहा वर्षांपूर्वीचंही सापडतं. पण हप्ता का राहिला हे लिहायला वहीत रकाना नाही. कधी दुखणं असतं, कधी पैसे हिसकावून घेतलेले असतात. बाई सांगते, ‘नाही जमलं.’ आपण दंड लावतो आणि पुढे जातो. तिचंही पान कोरंच राहतं.

म्हणून माझी एक सूचना आहे. ग्रामसंघाने चार-पाच पुस्तकांची एक पेटी करावी. गावात सार्वजनिक ग्रंथालय असेल तर तिथे आपल्या नावाने सभासद व्हावं. तिथे फक्त पुरुषांनीच पेपर वाचत बसावं असा काही नियम नाही. गटाची बैठक संपली की शेवटची दहा मिनिटं जिला वाचता येतं तिने दोन पानं मोठ्याने वाचावीत, बाकीच्यांनी ऐकावं. मग तीन प्रश्न विचारायचे. ही गोष्ट सांगतंय कोण? कुणाचं सांगायचं राहिलं? आपण तिच्या जागी असतो तर काय केलं असतं?

पुस्तकातल्या बाईबद्दल बोलताना कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. अलका चुकली की बरोबर, यावर आपण तासभर भांडू शकतो. भांडता भांडता एखादी म्हणेल, ‘माझ्या बाबतीत पण असंच झालं.’ तेव्हा दोन नियम पाळा. त्या दहा मिनिटांतलं बोलणं ठरावबहीत लिहायचं नाही आणि पाणवठ्यावर न्यायचं नाही. आणि कुणी मारहाणीचं बोललं, तर ‘सहन कर बाई’ हे उत्तर द्यायचं नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. मात्र फोन तिला विचारूनच करायचा. सांगायचं की नाही, आणि किती सांगायचं, हे तिचं तिनेच ठरवायचं.

पेटीत पाचवं पुस्तक म्हणून उर्मिला पवारांचं ‘आयदान’ ठेवा, असं मी सुचवेन. आयदान म्हणजे बांबूची टोपल्या-सुपं. कोकणातली त्यांची आई ती विणायची. ते मी मुद्दाम तुम्हाला सांगत नाही. पुढच्या मेळाव्यात तुमच्यापैकी कुणीतरी इथे उभं राहून त्यावर बोलावं. पुस्तक आवडलं नाही तर तसं सांगा, पण का नाही आवडलं तेही सांगा.

एवढं बोलून थांबते. जय सावित्री!