म्हशीचे इंजेक्शन, कोंबडीचे इंजेक्शन



खेड्यातल्या पारावर काय किंवा नागपुरातल्या चहाच्या टपरीवर काय, हल्ली एक बोलणे हमखास कानी पडते. "आता पूर्वीचे अन्न राहिले नाही. कोंबडीला इंजेक्शन, म्हशीला इंजेक्शन, आणि तेच आपल्या पोटात!" मुलगी लवकर वयात आली, की दोष कोंबडीला. पोराचे पोट सुटले, की दोष दुधाला. या बोलण्यात काही खरे आहे आणि बरेच खोटेही आहे. सुपात घेऊन धान्य पाखडावे, तसे ते आज आपण पाखडून पाहू. कारण खोट्या भीतीपायी आपण दोनदा नुकसान करून घेतो. मुलांना द्यायला हवे ते देत नाही, आणि ज्याला भ्यायला हवे त्याकडे पाहतही नाही.

हार्मोन, म्हणजे मराठीत संप्रेरक. शरीरातल्या ग्रंथींतून निघून रक्तावाटे निरोप पोचवणारा हा पदार्थ. माणूस, म्हैस, कोंबडी, सर्वांच्या अंगात संप्रेरके असतातच. तेव्हा प्रश्न एवढाच, की ती बाहेरून दिली जातात काय, आणि दिली तर खाणाऱ्याला बाधतात काय.

आधी कोंबडी घेऊ. ब्रॉयलर कोंबडी चाळीसएक दिवसांत दोन किलोंच्या घरात जाते. गावरान कोंबडीला तेवढ्यासाठी कितीतरी महिने लागतात. मग संशय येणे साहजिक आहे. पण विचार करा. वाढीचे संप्रेरक हे प्रथिन आहे. खाद्यातून दिले तर ते पोटातच पचून जाणार. म्हणजे सुईनेच द्यायचे, आणि तेही एकदा देऊन भागायचे नाही. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये पुन्हा पुन्हा प्रत्येक पिल्लू धरून सुई कोण टोचील? त्याचा खर्च कोंबडीच्या किमतीतून निघेल काय?

मग वाढ होते कशी? कॅनडातल्या संशोधकांनी १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या वाणांची पिल्ले एकाच खाद्यावर वाढवली. छप्पन्न दिवसांनी १९५७ च्या वाणाचे वजन भरले सुमारे ९०० ग्रॅम, १९७८ च्या वाणाचे सुमारे १८०० ग्रॅम, आणि २००५ च्या वाणाचे सुमारे ४२०० ग्रॅम. खाद्य तेच, फरक बियाण्याचा. जसे आपण जोमदार कणसातले बी निवडतो, तसेच पिढ्यान्‌पिढ्या निवडून हे वाण झाले. त्याला मक्याचे आणि सोयाबीनच्या पेंडीचे खाद्य मिळाले. आपल्या विदर्भातले सोयाबीनही त्याच वाटेने कोंबडीच्या पोटात जाते.

मग ही संप्रेरकांची गोष्ट निघाली कोठून? ती अगदीच बिनबुडाची नाही. अमेरिकेत डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम स्त्री-संप्रेरक १९४० च्या दशकापासून कोंबड्यांच्या मानेत गोळीने बसवत आणि पुढे गुरांच्या खाद्यात मिसळत. हेच औषध गरोदर बायकांनाही देत असत. त्यांच्या काही मुलींना तरुणपणीच एक विरळा कर्करोग झाल्याचे १९७१ साली उघडकीस आले. कोंबड्यांसाठी ते १९५९ साली बंद झाले होते, गुरांसाठी १९७९ साली बंद झाले. युरोपने तर संप्रेरके दिलेल्या गुरांचे मांस १९८९ पासून आपल्या बाजारात येऊच दिले नाही. अमेरिकेत गोमांसाच्या गुरांना काही संप्रेरके आजही देतात, आणि त्यावरून दोघांचा वाद जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेला. ती कथा परदेशच्या गोठ्यातली. आपल्याकडे येता येता ती कोंबडीच्या अंगाला चिकटली.

मुली लवकर वयात येण्याचे काय? मिळणारे पोषण आणि अंगावरची चरबी यांचा त्या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. तेलकट, गोड, पुडीबंद खाणे आणि मैदानावरचा खेळ बंद, ही कारणे घरातच बसलेली आहेत.

आता म्हशीकडे वळू. येथे मात्र इंजेक्शनाची गोष्ट खरी आहे. वासराने सड तोंडात धरला, की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते आणि कास दूध सोडते. यालाच आपण पान्हा म्हणतो. वगारू मेले, की म्हैस पान्हा चोरते, आणि मग धनी चोरटी बाटली आणून सुई टोचतो. हे औषध दूध वाढवत नाही, कासेत असलेलेच बाहेर काढते.

असे दूध पिणाऱ्याला बाधते काय? ऑक्सिटोसिन हा प्रथिनासारखाच पदार्थ आहे, पोटात पचून जातो. तेव्हा दुधातून माणसाला विष होते, असे म्हणायला आधार नाही. पण म्हणून ती सुई निर्दोष ठरत नाही. रोज टोचलेले जनावर सुईशिवाय पान्हवत नाही, वेदना सोसते, आणि मळकी सुई एकीचा रोग दुसरीला देते.

हे दुखणे जुने आहे. पूर्वी गवळी जनावराच्या अवघड जागी नळीने हवा फुंकून दूध काढीत. त्याला फुंका म्हणत. गाई-म्हशींच्या अशा छळाचे वर्णन वाचनात आले, त्याचा गांधीजींवर मोठा परिणाम झाला, आणि १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले. पुढे तेच गांधीजी आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामी राहिले, आणि जमनालाल बजाजांनी आयुष्याचे शेवटचे दिवस गोसेवेला वाहिले. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने फुंका गुन्हा ठरवला. आता त्याच कलमात जनावराला अपाय करणाऱ्या इंजेक्शनाचाही उल्लेख आहे. शिक्षा दंडाची किंवा दोन वर्षांपर्यंत कैदेची, आणि जनावर सरकारजमा.

मग हे औषधच बंद का करू नये? २०१८ च्या एप्रिलात केंद्र सरकारने खाजगी कारखान्यांना देशातल्या विक्रीसाठी ते बनवण्याची मनाई केली. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द केली. कारण सरळ आहे. बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही तेव्हा हेच औषध आईचा जीव वाचवते. गोठ्यातली चोरी थांबवताना दवाखान्यातली बाटली रिकामी होता कामा नये.

मग भ्यायचे कशाला? देशभरच्या दुधाच्या ६,४३२ नमुन्यांच्या पाहणीचा अहवाल अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली प्रसिद्ध केला. भेसळीने घातक झालेले नमुने निघाले केवळ बारा. पण ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष, आणि ७७ नमुन्यांत प्रतिजैविक औषधांचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. म्हणजे दोष निघाला ढेपेच्या पोत्यात! सरकीची किंवा शेंगदाण्याची ढेप ओलीला ठेवली, की बुरशी धरते. ते विष म्हशीच्या पोटातून दुधात उतरते, आणि दूध उकळले तरी जात नाही. कोंबडीचेही तसेच. वाढीसाठी प्रतिजैविके खाद्यात मिसळली, की औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात, आणि उद्या तेच औषध आपल्या लेकराला लागू पडत नाही. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेले औषध. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना आणि कोंबड्यांना ते देण्यावर २०१९ च्या जुलैत बंदी आली, ती याचसाठी.

तेव्हा गोपालक बंधूंनो, ढेप फळीवर आणि कोरड्यात ठेवा, बुरशी दिसली तर फेकून द्या. पान्ह्यासाठी कास कोमट पाण्याने धुवा, हलक्या हाताने चोळा, पुढ्यात आंबोण ठेवा, धारेची वेळ आणि धार काढणारा माणूस सहसा बदलू नका. पान्हा थोडाच वेळ टिकतो, तेव्हा धार झटपट उरका. कासदाहाचे औषध चालू असेल, तर पशुवैद्य सांगेल तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नका. ग्राहकांनी दूध उकळावे, कोंबडी पुरती शिजवावी.

आणि गुरुजींना एक विनंती. २०२३ साली शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरले, आणि २०२५ च्या जानेवारीत शासनाने त्याचा खर्च थांबवून तो लोकवर्गणीवर सोपवला. वर्गणी मागायला जाल, तेव्हा कोणीतरी म्हणेलच, "त्या अंड्यात इंजेक्शन असते." त्या वेळी गप्प बसू नका. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिन असते. ज्या घरात वरणही पातळ, त्या घरच्या मुलीला ते अफवेपायी नाकारणे हे फार महाग पडते. ज्यांना अंडे चालत नाही, त्यांनी खुशाल दूध, डाळ, शेंगदाणे द्यावेत. मात्र ते आपल्या आवडीने आणि श्रद्धेने, भीतीने नव्हे.