सांगाडा नवा, नंबर जुना



अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका गृहस्थांनी १९५९ सालची शेव्हरले कॉर्व्हेट पन्नास हजार डॉलर मोजून इंडियाना राज्यातून आणली. २०१७ मध्ये ते ती नोंदणीच्या तपासणीला घेऊन गेले आणि गाडी जप्त झाली. त्यांनी काही लबाडी केली असं पोलिसांचंही म्हणणं नव्हतं. पूर्वी कधीतरी गाडी खोलून दुरुस्त झाली होती आणि त्या वेळी नंबराची पट्टी काढून पुन्हा बसवली गेली होती, एवढाच मुद्दा. पण कॅन्ससच्या तेव्हाच्या कायद्यात अशा गाडीला एकच वाट होती, ती म्हणजे नष्ट करणं. भांडण काही वर्षं चाललं. अखेर २०२२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा सुधारला. जुन्या गाडीच्या दुरुस्तीसाठी पट्टी काढावी लागली आणि पुन्हा बसवली, तर तो गुन्हा नाही, असं आता तिथे लिहिलेलं आहे.

आजचा विषय मी या गाडीपासून सुरू केला, कारण जुनी गाडी जपणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा पेच गाठतो. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, गंजून गेली. नवी घालावी लागणार. मग जुन्या चासीवर ठोकलेल्या नंबराचं काय करायचं?

आधी गंजाबद्दल सांगतो, कारण हा पेच तिथूनच उभा राहतो. जुन्या गाड्यांमध्ये, विशेषतः जीप, लँड रोव्हर, कॉर्व्हेट यांच्यात, बॉडी वेगळी आणि खालचा सांगाडा वेगळा. दोन लांब पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, शिडीसारखी रचना. वजन वाढू नये म्हणून हे भाग पुष्कळदा पोकळ पेटीसारखे असतात. पाणी, चिखल, मीठ आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट मिळत नाही. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि आतून पत्रा कागदाइतका पातळ झालेला असतो. जिथे दोन पत्रे एकमेकांवर वेल्ड केलेले आहेत, तिथे गंज सगळ्यात आधी धरतो. फुगलेला गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून तो त्या दोन पत्र्यांना फाकवतो आणि आणखी ओल आत ओढतो. इंग्लंड-अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. आपल्याकडे ते काम मुंबईची आणि कोकणाची खारी हवा करते.

लँड रोव्हर आणि कॉर्व्हेट यांची नावं मी मुद्दाम घेतली. कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची. लँड रोव्हर १९४८ मध्ये आली तेव्हा ब्रिटनमध्ये पोलादावर नियंत्रण होतं, म्हणून तिची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली. दोन्हींची चासी मात्र पोलादी. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांनी वरची गाडी धडधाकट आणि खालचा सांगाडा हातात येतोय, अशी स्थिती होते. लँड रोव्हरचा मागचा आडवा तुकडा आधी जातो. तो बदलता येतो. पुढे बाजूचे आधार जातात, तेही बदलता येतात. पण एक वेळ अशी येते की ठिगळ लावायला चांगलं लोखंडच उरत नाही. तिथे वेल्डिंग करत बसणं धोक्याचं आहे, कारण स्टिअरिंग आणि स्प्रिंगा ह्याच सांगाड्यावर तोललेल्या असतात. म्हणून सांगतो, चासी गेली असेल तर बदलावी, मनात किंतु न धरता बदलावी. ब्रिटनमध्ये लँड रोव्हरसाठी जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या चासी तयार मिळतात, आणि त्या घालून हजारो मैल जाणाऱ्या गाड्या मला गॅरेजात कुजणाऱ्या ‘अस्सल’ गाड्यांपेक्षा जास्त मोलाच्या वाटतात.

आता नंबर. अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सतरा अक्षरांचा एकसारखा क्रमांक आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली पद्धत होती. मी सांगितलेल्या १९५९ च्या कॉर्व्हेटमध्ये नंबर दोन ठिकाणी असे. एक पट्टी दाराच्या खांबाला, आणि तोच नंबर चासीच्या वरच्या अंगावर ठोकलेला. हा दुसरा नंबर बॉडी उचलल्याशिवाय दिसत नाही. म्हणजे ज्या दिवशी चासी बदलते, त्या दिवशी गाडीचा एक साक्षीदार भंगारात जातो.

इथे मोह होतो. अक्षरांचे पंच बाजारात मिळतात, हातोडा घरात असतो. आपलीच गाडी, आपलाच नंबर. नव्या चासीवर तो ठोकला तर बिघडलं काय? पुष्कळ प्रामाणिक माणसं असंच करतात आणि त्यामागे गाडीवरचं प्रेम असतं. तरीही मी त्याच्या विरुद्ध आहे.

पंच मारला की नुसतं अक्षर उमटत नाही, त्याच्या खालचं लोखंडही आत दबतं. चोराने वरून नंबर घासून काढला तरी ते दबलेलं लोखंड तसंच राहतं. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तांब्याचं क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं द्रावण त्या जागी लावतात. दबलेलं लोखंड आजूबाजूच्या लोखंडापेक्षा वेगळ्या गतीने विरघळतं आणि पुसलेला आकडा पुन्हा डोळ्यांना दिसू लागतो. चोरीच्या कित्येक गाड्या अशाने मालकाकडे परत गेल्या आहेत. मालकाने प्रेमाने ठोकलेला नंबर आणि चोराने ठोकलेला नंबर हे लोखंडाला सारखेच. आज तुम्हाला खरं माहीत आहे. तुमच्यामागे ती गाडी ज्याच्याकडे जाईल, त्याला ते कसं कळणार? आणि कारखान्यातून निघालेलीच चासी, तेच इंजिन असलेल्या गाडीला बाजारात जास्त भाव असतो. म्हणजे न सांगता ठोकलेला नंबर पुढच्या गिऱ्हाइकाच्या खिशातून पैसे काढतो, ठोकणाऱ्याच्या मनात ते असो वा नसो.

मग सगळं बदललेल्या गाडीला जुनं नाव लावूच नये का? याचं चांगलं उत्तर लंडनच्या उच्च न्यायालयात १९९० साली मिळालं. ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली स्पीड सिक्स. वुल्फ बार्नाटोने ती चालवून ल मान्सची शर्यत १९२९ मध्ये जिंकली, १९३० मध्ये पुन्हा जिंकली. पुढे तिच्यात आठ लिटरचं इंजिन बसवलं. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ती कललेल्या वळणाच्या वरच्या कडेवरून बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी दगावला. नंतर तिच्यावर बंद बॉडी चढली, पुढे पुन्हा शर्यतीचं रूप आलं. एका कंपनीने एक कोटी पौंडांना ती घ्यायचं ठरवलं आणि मग, ही ती गाडीच नव्हे, असं म्हणून पैसे द्यायला नकार दिला. तज्ज्ञाने साक्ष दिली की १९२९ च्या गाडीचं, काळ ठरवता येणार नाही अशा किरकोळ वस्तू सोडल्या, तर काही उरलेलं नाही. १९३० च्या गाडीचे पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंगचा खांब एवढेच भाग आहेत. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी मालकाच्या बाजूने निकाल दिला. गाडी कधी खंडित झाली नाही, एकातून दुसरं रूप क्रमाने येत गेलं, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही, हा त्यामागचा विचार.

मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे लोखंडाच्या जागी इतिहास तोलला गेला. मात्र तो तोलता आला, कारण कोणत्या वर्षी काय बदललं हे शोधून सांगता येत होतं. गाडीचा नंबर हा सातबारासारखा आहे. जमिनीवर काय घडलं ते त्याच्यात फेरफार म्हणून चढलं पाहिजे; उतारा खोडून नवा लिहिला तर तो कागद कुणाच्याच कामाचा राहत नाही.

ब्रिटनच्या वाहन खात्यात बरीच वर्षं गुणांची पद्धत होती. चासीला पाच गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना दोन-दोन, इंजिनाला एक. आठ गुण जमले तर जुना नोंदणी क्रमांक टिकायचा. त्यात जुन्या चासीइतकेच गुण कारखान्याच्या मापाच्या नव्या, न बदललेल्या चासीलाही मिळत. म्हणजे मालकाला लपवण्याचं कारणच नव्हतं.

आपल्याकडे ते कारण आहे. मुंबईत १९४७ पासून जीपची जुळणी होत आली, त्यातल्या कितीतरी अजून महाराष्ट्रात आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांवरची गाडी, ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नोंदणी क्रमांक, दहा वर्षांची मुदत. हे स्वागतार्ह आहे. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. गंजलेल्या चासीच्या जागी हुबेहूब त्याच मापाची चासी घालणं हा फेरबदल की दुरुस्ती? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ खाली बदल म्हणजे गाडीचं मूलभूत वैशिष्ट्य पालटणारा रचनेतला फरक, अशी व्याख्या आहे. तिच्या आधारे मी याला दुरुस्तीच म्हणेन. पण आरटीओच्या फॉर्मवर पेन्सिल घासून चासी नंबराचा ठसा द्यावा लागतो, आणि नव्या चासीवर घासायला तो नंबर नसतो. तिथेच माणूस पंच आणि हातोड्याकडे वळतो.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. नोंदणीपुस्तकात चासी बदलल्याची तारीख, बदलणाऱ्याचं नाव आणि नव्या चासीचा स्वतःचा क्रमांक यांना रकाना असावा, आणि मूळ क्रमांक त्याच्या शेजारी कायम राहावा. हे होईपर्यंत गाडीवाल्यांनी एवढं करावं. बॉडी उचलण्याआधी आरटीओला लेखी कळवा. जुना नंबर जागेवर असतानाच मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा आणि पेन्सिलचा ठसा घ्या. नंबर असलेला तुकडा भंगारवाल्याला देऊ नका. त्याच्या भोवती वीतभर लोखंड ठेवून तो कापा, तेल लावून कागदपत्रांसोबत ठेवा, आणि गाडी विकाल तेव्हा बिलांसह नव्या मालकाच्या हातात द्या.