गेटच्या बाहेरचं अंगण

(रौप्यमहोत्सवी समारंभात सोसायटीच्या गच्चीवर केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून आठवेल तसे लिहून दिले आहे.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं होतं, "तुम्ही पहिल्या दिवसापासूनच्या सभासद, जुन्या आठवणी सांगा." पण टँकरच्या आठवणी माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगून टाकल्या. लिफ्ट बंद होती त्या महिन्याच्याही सांगितल्या, आणि गणपतीत मंडप उडाला तेही झालं. गेटच्या आतलं माझ्या वाट्याला काहीच उरलं नाही. म्हणून मी गेटच्या बाहेरचं बोलते.

आपल्या गेटपासून शाळेच्या वळणापर्यंत माझी दोनशे बारा पावलं होतात. मी मोजली आहेत. पोस्टात चौतीस वर्षं काढली, मोजायची सवय जात नाही. या दोनशे बारा पावलांवर आपण पंचवीस वर्षं चाललो. मुलं शाळेत नेली, भाजी आणली, दोन-चार जणांना शेवटचंही याच रस्त्याने नेलं. पण वार्षिक सभेची पंचवीस वर्षांची इतिवृत्तं काढून बघा. लॉबीच्या फरशीचा रंग कोणता असावा यावर आपण एका सभेत पावणेदोन तास भांडलो. गेटच्या बाहेरच्या रस्त्याचा विषय मात्र पहिली तेवीस वर्षं एकदाही नाही. आतली फरशी आपली, बाहेरची लादी सरकारची, असा आपला हिशोब.

त्या लादीचीच गोष्ट सांगायची आहे.

आपल्या बाजूचा फुटपाथ म्हणजे पावसाळी गटारावर टाकलेल्या काँक्रीटच्या लाद्या. गुलमोहराच्या पुढची तिसरी लादी २०२४ च्या जून महिन्यात हलायला लागली. पाय पडला की 'टक' असा आवाज यायचा. मग तिचा कोपरा तुटला, आतली सळई दिसायला लागली. मी रोज सकाळी दूध आणायला जाताना ती लादी ओलांडायची. तीन आठवडे ओलांडली. पायाला इतकी सवय झाली की डोळ्यांना बघायची गरज उरली नाही.

जुलैमध्ये, संध्याकाळी सात-सव्वासातला, पाऊस नुकताच थांबलेला, दिवा बंद, फुटपाथवर बोटभर पाणी. बी विंगमधल्या मावशी भाजी घेऊन येत होत्या. लादी फिरली आणि त्यांचा पाय मांडीपर्यंत आत गेला. वॉचमन आणि रिक्षावाला धावले म्हणून लगेच बाहेर तरी काढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ऑपरेशन झालं. दीड महिना अंथरूण, त्यानंतर वॉकर. त्या आज समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि हे सांगायला मी त्यांची परवानगी घेतली आहे.

हॉस्पिटलमध्ये मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "अगं, ती लादी हलते हे तुला माहीत होतं का?" मी म्हटलं, "नाही हो मावशी."

हे खोटं होतं. ते मनात घेऊन मी घरी आले आणि त्या रात्री झोपले नाही.

दुसऱ्या दिवशी मी महापालिकेच्या तक्रार क्रमांकावर फोन केला. तक्रार नोंदली, नंबर मिळाला, बरं वाटलं. चौथ्या दिवशी मोबाइलवर संदेश: तक्रार निकाली काढण्यात आली आहे. मी खाली जाऊन बघितलं. लादी होती तशीच. आपल्या वॉचमनने भोकात एक तुटकी प्लास्टिकची खुर्ची उलटी खुपसून तिला लाल फडकं बांधलं होतं. (ती खुर्चीसुद्धा पुढे चोरीला गेली. तुटकी खुर्ची नेणाऱ्याची काय गरज असेल ती असो.)

मग मी एक शंभर पानी वही आणली. पोस्टातला माणूस एक गोष्ट शिकतो: बोललेलं वाऱ्यावर जातं, पोचपावती राहते. मी अर्ज लिहिला, दोन प्रती काढल्या, प्रभाग कार्यालयात नेऊन दिला आणि माझ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलले नाही. मागचे लोक कुरकुरले. कुरकुरू देत.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. रस्ते विभाग म्हणाला, हे पावसाळी गटारवाल्यांचं. गटारवाले म्हणाले, खाली केबल आहे, ते केबलवाल्यांचं चेंबर. केबलवाल्यांचा माणूस येऊन बघून गेला आणि म्हणाला, "काकू, आमचं झाकण पलीकडचं, त्यावर अक्षरं आहेत बघा. हे आमचं नाही." तो खरं बोलत होता. झाकण कोणाचं आहे हे ओळखायला मी त्या दिवशी शिकले. त्यावर बहुधा काहीतरी कोरलेलं असतं, आणि ते वाचून अर्ज योग्य दारात नेला तर महिनाभराची पायपीट वाचते. आमच्या लादीवर काहीच कोरलेलं नव्हतं. ती कोणाचीच नव्हती. फक्त मावशींच्या पायाची होती.

शेवटी माहितीचा अधिकार. २००५ चा कायदा, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत बसवायचा आणि विषय एकच ठेवायचा. उत्तराला तीस दिवसांची मुदत. मी रागाचा एक शब्दही लिहिला नाही. तीनच प्रश्न विचारले: हा रस्ता आणि त्यालगतचं गटार शेवटचं कधी बांधलं? कंत्राटदार कोण? आणि त्याचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो?

हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा. रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदारावर ठरावीक वर्षं जबाबदारी असते. त्या काळात काम खराब निघालं तर त्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचं असतं. सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं. गटार त्याच रस्त्याच्या कामातलं होतं आणि मुदत संपायला अजून चार महिने बाकी होते. त्या कागदाची प्रत जोडून पुन्हा अर्ज दिला. आठवड्याच्या आत कनिष्ठ अभियंता स्वतः आला.

पोरगा तिशीच्या आतला. मी तोंडात सगळं भांडण तयार ठेवलं होतं, पण तो बिचारा हेल्मेट काढून घाम पुसत होता. त्याच्याकडे किती रस्ते आहेत ते त्याने सांगितलं, तेव्हा माझं भांडण अर्धं विरघळलं. तो म्हणाला, "खरं सांगू काकू, लोक फोनवर ओरडतात खूप, पण जागा सांगत नाहीत. 'मेन रोडवर खड्डा' म्हणजे मी कुठे शोधू?" तेव्हापासून माझ्या वहीत एक रकाना वाढला: दिव्याच्या खांबाचा नंबर. खांबावर तो बहुधा रंगवलेला असतो. पंचवीस वर्षं आपण त्याखाली गप्पा मारत उभे राहिलो, पण नंबर कोणी वाचला नव्हता. आणि फोटो काढताना खड्ड्याशेजारी छत्री ठेवायची, म्हणजे तो केवढा आहे ते कळतं. मागे दुकानाची पाटी किंवा भिंत दिसेल असा काढायचा. नुसता खड्ड्याचा फोटो चंद्रावरचाही असू शकतो.

नोव्हेंबरमध्ये सहा लाद्या नव्या बसल्या. मावशींच्या पायाला मात्र दोषदायित्व कालावधी नव्हता.

या निमित्ताने मी थोडं वाचलं. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि न्यायालयाने ते जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतलं. म्हणजे न्यायाधीशालाही तक्रारच करावी लागली! २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की चांगले रस्ते आणि फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही फुटपाथबद्दल तेच म्हटलं. ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने माणूस गेला तर सहा लाख रुपये, जखमी झाला तर पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली. चांगलं झालं. पण २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून घरी चालत निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये गेले, ते काही भरून येत नाही. आणि दादाराव बिल्होरे यांचं नाव तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरच्या खड्ड्याने २०१५ च्या जुलैमध्ये त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर ते स्वतः हातात फावडं घेऊन मुंबईतले खड्डे बुजवत फिरले. मला अजून त्यांचा फोटो नीट बघवत नाही.

आता जरा कडू बोलते. वडे गरम आहेत, तेवढं चालेल.

मी शिवणाची टेप घेऊन आपला फुटपाथ मोजला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे वस्तीच्या भागात चालायला निदान एक मीटर ऐंशी सेंटिमीटर मोकळी जागा हवी आणि कडेची उंची पंधरा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्या कंपाउंडलगत एका ठिकाणी सत्तर सेंटिमीटर भरली. उरलेली कोणी खाल्ली? महापालिकेने नाही. आपल्याच सभासदांच्या सात दुचाक्या आणि समितीने हौसेने ठेवलेल्या चार कुंड्या. शिवाय ए विंगमध्ये बाथरूम नवीन केलं त्याचा राडारोडा गोण्यांत भरून पाच महिने गुलमोहराखाली. आणि आपल्या गेटचा उतार! गाड्यांच्या पोटाला घासू नये म्हणून आपण तो काँक्रीट ओतून गटाराच्या तोंडावर नेला. पाणी अडायचं ते तिथेच. अभियंत्याने हसत हसत दाखवलं तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटलं.

तो उतार फोडायचा ठराव मांडला तेव्हा कोण काय बोललं ते मी इथे सांगत नाही, आज आनंदाचा दिवस आहे. नऊ विरुद्ध सात मतांनी मंजूर झाला. कुंड्या आत आल्या. दुचाक्या तीन आत आल्या, चार अजून बाहेर आहेत. मालक समोरच बसले आहेत.

वहीत आजपर्यंत एकेचाळीस तक्रारी आहेत. सव्वीस सुटल्या. नऊ 'निकाली' म्हणून बंद झाल्या पण काम झालं नाही, त्या मी पुन्हा उघडल्या. सहा चालू आहेत. त्यातली एक चौदा महिन्यांची: शाळेच्या वळणावर झेब्रा पट्टे नाहीत आणि गतिरोधकाचा रंग उडालाय. वाहतूक पोलिसांची परवानगी लागते, मग महापालिकेचं पत्र, मग पुन्हा पोलीस. तिथून रोज आपल्याच सोसायटीतली तेवीस मुलं जातात. ही तक्रार सुटेपर्यंत मी मरत नाही असं मी मुलाला सांगून ठेवलं आहे. त्यावर तो म्हणाला, "मग सुटू नये असंच वाटतं आई."

मावशींचं राहिलं. गेल्या आठवड्यात हे भाषण लिहायला बसले आणि पेन चालेना. खाली गेले, त्यांच्या दारात उभी राहिले आणि सांगितलं: मावशी, मला माहीत होतं. तीन आठवडे माहीत होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले.

त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मलाही माहीत होतं की. मी पंधरा दिवस ओलांडतच होते. त्या दिवशी पाण्यात दिसली नाही." मग म्हणाल्या, "बस. चहा टाकते." आणि वॉकर ओढत स्वयंपाकघरात गेल्या. मला चहा टाकू दिला नाही.

आमच्या दोघींसारखे आणखी किती जण ती लादी ओलांडत होते, ते मी विचारणार नाही. हात वर करायला लावणार नाही.

फक्त एक काम आहे. मंगळवारपासून गुलमोहराजवळचा दिवा बंद आहे. तक्रार नोंदवली आहे, नंबर खाली नोटीस बोर्डावर लावलाय. मी उद्यापासून दहा दिवस लेकीकडे नाशिकला आहे. वही कोणीतरी घ्यायला हवी. तिसऱ्या मजल्यावरच्या अकरावीतल्या मुलीने मघाशी हात वर केला, ते मी पाहिलं आहे. बाळा, उद्या सकाळी साडेसातच्या आत ये, माझी गाडी आठला आहे.