चीक सांगतो झाडाचं कूळ

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंनी कुंपणाचा शेर छाटला आणि त्याच हाताने डोळा चोळला. रात्रभर डोळा उघडेना. तेव्हापासून मी या झाडांची माहिती गोळा करू लागले.

शेर, तीनधारी निवडुंग, वावरातली नायटी, कुंडीतला लाल पॉइन्सेटिया. दिसायला सगळी वेगळी, पण प्रजाती एकच, युफोर्बिया. कूळ एरंडाचं. जगात त्यांच्या सुमारे २००० जाती आहेत. ओळख सोपी: फांदी मोडली की पांढरा चीक येतो. फूलही खास. इवल्याशा वाटीत मधोमध एक मादीफूल, भोवती नरफुलं. पॉइन्सेटियाचं लाल दिसतं ते फूल नव्हे, रंगलेली पानं.

माहेर मात्र प्रत्येकाचं निराळं. तीनधारी आपल्या देशातला, शेर आफ्रिकेतला, पॉइन्सेटिया मेक्सिकोतला. लाल बोंडांचा फड्या निवडुंग यांच्यातला नाही. तो अमेरिका खंडातून आलेला, कॅक्टसच्या कुळातला. त्याला असा पांढरा चीक नसतो.

म्हणून बायांनो, शेर छाटताना हातमोजे आणि चष्मा घाला, लेकरांना लांब ठेवा. चीक डोळ्यात गेलाच तर चोळू नका, तूप-दूध घालू नका. स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. पुढच्या बैठकीत आपापल्या बांधावरची चिकाची झाडं मोजून या.