रंग कोणाचा?



आपली कितीतरी मुले-मुली आज संगणक शिकून वेबसाइट तयार करण्याची कामे घेऊ लागली आहेत. काम देणारा दुकानदार हमखास म्हणतो, "त्या मोठ्या कंपनीची साइट आहे ना, अगदी तशीच करून द्या." मग मुलांपुढे प्रश्न उभा राहतो: त्या साइटचे रंग घेतले तर ती चोरी ठरेल का? काही जण भीतीपोटी रंगालाही हात लावत नाहीत, तर काही बेधडक सगळेच उचलतात. दोन्हींच्या मुळाशी कायद्याचे अज्ञान आहे.

संगणकाच्या पडद्यावर लाल, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून रंग तयार होतो. प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या धरल्या तर एकूण १,६७,७७,२१६ छटा होतात. प्रत्येक छटेला सहा अक्षर-अंकांची एक खूण असते. ही खूण कोणाची कलाकृती नव्हे. हळदीचा पिवळा जसा कोणा एका घराचा नाही, तसेच हे आहे. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखन, चित्र, संगीत, संगणक प्रोग्राम अशा मूळ कृतींना संरक्षण देतो. नुसत्या छटेला देत नाही. तेव्हा एखादी छटा आवडली व घेतली, एवढ्याने कोणी कॉपीराइटचा गुन्हेगार होत नाही.

परंतु मित्रहो, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. दुसरा कायदा ट्रेडमार्कचा आहे. एस.टी.चा लाल रंग लांबून दिसताच खेड्यातला माणूस हात करतो. उद्या कोणी खासगी गाडी हुबेहूब तशीच रंगवली, तर तो प्रवासी फसेल. रंग जेव्हा मालकाची ओळख सांगू लागतो, तेव्हा कायदा मध्ये येतो. आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात चिन्हाच्या व्याख्येतच रंगांच्या संयोगाचा उल्लेख आहे. २००३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने कोलगेटच्या दंतमंजनाच्या डब्यावरील लाल-पांढऱ्या रंगसंगतीच्या वादात अँकर कंपनीला तसा डबा वापरण्यास मनाई केली. अमेरिकेत १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ड्रायक्लीनिंगच्या इस्त्रीयंत्रावरील गादीचा हिरवट-सोनेरी रंगसुद्धा ट्रेडमार्क होऊ शकतो, असा निर्णय दिला. मात्र तो रंग पाहताच ग्राहकाला मालक आठवला पाहिजे, ही त्यात अट आहे.

म्हणून कसोटी सोपी आहे. साइटवरचे नाव हाताने झाका. उरलेले पाहून ग्राहकाला दुसरीच कंपनी वाटते का? धंदाही तोच आहे का? उत्तर 'होय' असेल तर तो रंगमेळ सोडा. नाव फारच प्रसिद्ध असेल तर धंदा वेगळा असूनही जपून राहा.

तिसरी गोष्ट आमच्याच चुकीतून सांगतो. सुरुवातीच्या काळात एका संस्थेचे काम करताना आम्ही रंग घेण्याच्या निमित्ताने दुसऱ्या साइटची संपूर्ण स्टाइलशीट उतरवून घेतली. तिच्यात मूळ कर्त्याचे नाव लिहिलेली ओळ तशीच राहिली. संस्थेतल्या एका जाणत्या गृहस्थांनी ती दाखवली, तेव्हा आम्हांला मान वर करता येईना. सारे काम पुन्हा स्वतः, विनामोबदला केले. रंग घेणे वेगळे आणि दुसऱ्याने लिहिलेला मजकूर, छायाचित्रे, बोधचिन्ह व स्टाइलशीट उचलणे वेगळे, हे त्या दिवशी कायमचे समजले.

विद्यार्थी मित्रहो, गिऱ्हाईक "तशीच करा" म्हणाले तर त्याला विचारा, "त्यातले तुम्हांला नेमके काय आवडले?" बहुधा तो म्हणेल, वाचायला सोपी आहे, डोळ्यांना शांत वाटते. हे गुण कोणाच्या मालकीचे नाहीत. रंग त्याच्या दुकानातल्या मालातून, त्याच्या पाटीतून शोधा. एखादी छटा दुसरीकडून घेतलीच, तर तिच्या शेजारचे रंग व मांडणी तुमची असू द्या.

शेवटी एवढेच लक्षात ठेवा. तुम्ही स्वतः केलेल्या मूळ कामालाही नोंदणीशिवाय, ते निर्माण होताच कॉपीराइट मिळतो. आपल्या घामाला मान मिळावा असे ज्याला वाटते, त्याने दुसऱ्याच्या घामाचाही मान राखावा. नव्याने या धंद्यात येणाऱ्या मुलांजवळ मोठे भांडवल नसते; सचोटीचे नाव हेच त्यांचे भांडवल. ते जपा.