परक्या मुलखातली मावशी



आनंदीबाई जोशींचं धाडस आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आज मला त्यांच्या मुक्कामाबद्दल बोलायचं आहे. घर सोडून शिकायला गेलेलं पोर तिथे रुळलं की आपण पोराची पाठ थोपटतो. त्याला रुळू कुणी दिलं, हे विचारायचं राहून जातं.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोट सुटली, तेव्हा आनंदीबाईंना अठरावं वर्ष पुरं होऊन आठवडाच झाला होता. पती गोपाळराव बरोबर नव्हते. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरवून घ्यायला थिओडिशिया कार्पेंटर आल्या. या बाईंनी दंतवैद्याकडे नंबर लागेपर्यंत एक मिशनरी मासिक चाळलं होतं. त्यात गोपाळरावांचं पत्र दिसलं आणि मनाला लागलं. मग त्यांची आणि आनंदीबाईंची पत्रं सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या, तेही तोंड न पाहता!

कॉलेज सुरू व्हायला अवकाश होता. ते महिने त्या न्यू जर्सीत, रोझेल गावी, मावशींच्याच घरी राहिल्या. मला हे महिने फार मोलाचे वाटतात. परक्या देशाची ओळख त्यांना वर्गात नाही, एका नांदत्या घरात झाली. बावरलं, अडखळलं तरी सांभाळून घेणारं माणूस शेजारी होतं. मावशी स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती, पण धर्म बदलण्याचा आग्रह त्यांनी कधी धरला नाही.

पुढे कॉलेजसाठी फिलाडेल्फियाला गेल्यावर तिथली थंडी आली. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. मग आनंदीबाई गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. नेसण बदललं, साडी सुटली नाही. १८८५ मधला एक फोटो तुम्ही पाहिला असेल. आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत, सीरियाच्या सबात इस्लामबुली आपल्या पोशाखात. या तिघींना तशाच सामावून घेणारं ते स्त्रियांचं वैद्यकीय कॉलेज आणि त्याच्या डीन रेचेल बॉडली, यांचंही मला मनापासून कौतुक वाटतं.

मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली, पण प्रकृती ढासळत गेली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. जिव्हाळ्याने सगळं निभावतं, असं म्हणूनच मी म्हणणार नाही. पण तो नसता, तर त्या पदवीपर्यंत पोहोचल्या असत्या का, याची मला शंका आहे.

आज आपण बॅगेत मेतकूट, भाजणी, प्रेशर कुकर भरतो. फी, व्हिसा, कर्जाचे हप्ते, सगळ्याची चौकशी करतो. तिथे ताप आला तर पोरानं हक्कानं दार कुणाचं वाजवायचं, हेही त्याच यादीत लिहा. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. लंडनचं मंडळ तर १९३२ पासूनचं. गणपती, दिवाळी तुम्ही हौसेनं करता, त्याच हौसेनं दर सप्टेंबरला एकेका कुटुंबानं एकेक नवा विद्यार्थी पहिले काही आठवडे आपल्या घरी जेवायला बोलवावा. तो आपल्या जातीचा, गावचा आहे का, हे विचारू नये. कार्पेंटरबाईंनी विचारलं नव्हतं.